आनंदीबाईंनी पास केलेला चेहरा

पूर्णगडच्या दीपालीची ख्याती एकच, तिने केलेला मेकअप दिसत नाही. आळीतले निम्मे पुरुष बोटीवर नोकरीला, दहा-दहा महिने घराबाहेर. त्यांची परत यायची वेळ झाली की बायका दीपालीच्या पडवीतल्या पार्लरात हजर. प्रत्येकीचं मागणं तेच, "छान दिसायला हवं, पण काही केलंय असं वाटता नये."

दीपालीची पद्धत ठरलेली. ओल्या स्पंजने फाउंडेशन अगदी पातळ, पार मानेपर्यंत. लिपस्टिक लावून बोटाने टिपायची आणि बोटावर उरलेला रंग गालांवर. शेवटी बाईला घरापुढच्या खळ्यात उन्हात न्यायचं, कारण ट्यूबलाइट खोटं बोलते. खळ्यात शेजारच्या आनंदीबाई कोलंबी सोलत बसलेल्या असत. त्यांच्या तोंडून 'पावडर' हा शब्द निघाला की सगळं पुसून पुन्हा सुरुवात. "काय गो, झोप बरी झालेली दिसते," म्हणाल्या की पास. आपण परीक्षक आहोत याचा म्हातारीला अजून पत्ता नव्हता!

यंदा पाळी खुद्द दीपालीवर आली. तिचा नवरा विनोद अकरा महिन्यांनी यायचा होता. तिने पंचेचाळिशी ओलांडलेली, डोळ्यांखाली काळं आलेलं, हनुवटीखाली सैल पडलेलं. व्हिडिओ कॉलवर तिने हे कधी दिसू दिलं नव्हतं, रोज कॉलआधी दहा मिनिटं आरशासमोर काढायचीच. फोनवर निभावलं, पण भर उन्हात दारात उभ्या राहिलेल्या माणसापासून काय लपणार? आपल्याला पाहून तो क्षणभर जरी गप्प झाला तर, या भीतीने तिची आठ दिवस झोप उडाली होती.

आणि घाबरलेलं माणूस करतं तेच तिने केलं. तो यायच्या दिवशी दार लावलं, ट्यूब पेटवली आणि थरावर थर चढवले. बाहेर आली तर आनंदीबाईंच्या हातातली कोलंबी हातातच राहिली.

"गो मेले, पावडरीचा डबा सांडलास काय तोंडावर?"

दीपाली रडवेली होऊन मोरीकडे पळाली. साबण धुऊन होतो न होतो तोच दारात रिक्षा थांबली. हातात टॉवेल, तोंडावर पाणी, अशीच ती पुढे झाली. विनोद गप्प झालाच. पण तीही बघतच राहिली. केस काळेकुळकुळीत, मिशी त्याहून काळी आणि कानशिलांवर बोटभर डाय उतरलेला.

"अहो, हे काय करून आलात?"

"मुंबईला उतरल्यावर केलं," तो ओशाळून म्हणाला. "तू रोज फोनवर नवी नवरी दिसायचीस, आणि मी तिकडे पिकत चाललेलो. एक दिवस तरी थकलेली दिसशील म्हणून वाट बघायचो गो. फार एकटं वाटायचं."

दीपालीला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही थांबेना. तिने त्याला पार्लरातल्या खुर्चीत बसवलं, कापसावर खोबरेल घेतलं आणि कानशिलं पुसता पुसता रोजच्या त्या दहा मिनिटांचं सगळं सांगून टाकलं. तो इतका हसला की खुर्ची करकरली. कानशिलांवरचा डाय निघाला, मिशीचं मात्र काही करता येईना.

मग सवयीने तिने गिऱ्हाइकाचा हात धरला आणि त्याला खळ्यात उन्हात आणलं. आनंदीबाईंनी मान वर केली.

"मिशीला डांबर फासलंस काय रे, विनोद?" त्या म्हणाल्या. मग दीपालीच्या धुतलेल्या, रडून सुजलेल्या चेहऱ्याकडे त्यांनी नीट पाहिलं.

"तुझी मात्र गो, बऱ्याच दिवसांनी झोप बरी झालेली दिसते."