रिकाम्या आकाशातला उंचवटा

गेल्या रविवारी मी उत्साहात मजलाभर पेढे वाटले... आणि मंगळवारी पस्तावले.

माझी लेक सायली पल्सरवर पीएचडी करते. पल्सर म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, गरागरा फिरणारा. रेडिओ लहरींतून असे कितीतरी सापडलेत, पण डोळ्यांना दिसतो तसला प्रकाश मोजक्याच पल्सरकडून मिळालाय. सायली अशाच एकाचा प्रकाश शोधतेय, परदेशातल्या मोठ्या टेलिस्कोपचा डेटा घेऊन... आमच्या मुलुंडच्या डायनिंग टेबलवर.

हा प्रकाश इतका तुटपुंजा, की ताऱ्याच्या प्रत्येक फेरीतला थोडाथोडा एकावर एक रचत जायचा. खरा असेल तर आलेखात एका जागी उंचवटा येतो. कित्येक महिने सपाट रेघच बघितल्यावर रविवारी तो आला. "आई, थांब जरा, अजून तपासायचंय," ती म्हणत होती. पण मी कुठली थांबतेय...

मंगळवारी तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. खात्री करायला तिने ताऱ्याशेजारच्या रिकाम्या आकाशाचा तुकडाही तसाच रचून पाहिला होता. तिथेही तोच उंचवटा... कॅमेऱ्यात टेलिस्कोपच्या वीजपुरवठ्याची थरथर शिरली होती, आणि तिचा ताल नेमका या ताऱ्याच्या तालाशी जुळत होता.

मला रडूच आलं. तिच्या थिसिसचं आता काय... आणि खरं सांगते, शेजारच्या माधवीला काय तोंड दाखवू, हेही मनात आलंच. मी हळूच विचारलं, "गाईडना आताच सांगायला हवं का गं? अजून एकदा बघ ना."

"सकाळीच कळवलं," ती म्हणाली. "प्रकाश असलाच तर आपल्याला दिसेल त्याहून मंद आहे, आता एवढंच लिहायचं."

संध्याकाळी ती स्वतःच माधवीकडे गेली. दारं उघडीच होती, मला सगळं ऐकू येत होतं. "काकू, तो तारा नव्हता ओ, लाइटचा लोच्या होता," सायली सांगत होती. माधवी म्हणाली, "असू दे गं. चहा घेणार का?"

मी चपला घातल्या, खाली गेले आणि पाव किलो पेढे घेऊन आले. "आता हे कशाचे?" सायलीने विचारलं. मी एक तिच्या हातावर ठेवला.

रविवारचे पेढे ताऱ्याचे होते... हे माझ्या लेकीचे.