दुधातल्या तिसऱ्या

मी कुणाला भिणारा माणूस नव्हे, पण त्या आचाऱ्याची भीती अजून बाळगून आहे. त्याचं नाव मी विचारलं नाही. समुद्र खवळून मुंबईची आगबोट आली नाही, म्हणून तो रत्नागिरीत बंदरालगत आमच्या ओटीवर दोन दिवस उतरला होता. साहेबांच्या जहाजावर रांधायचा. फुकटचं जेवणं त्याला पटेना. दुसऱ्या दिवशी दुपारी चुलीपुढे बसला आणि माझ्या बायकोला म्हणाला, "वैनी, तिसऱ्या आहेत, तर थोडं दूध पण द्या."

तिला वाटलं, चहाला मागतोय. त्यानं ते शिंपल्यांतून काढलेल्या तिसऱ्यांच्या टोपात ओतलं, वर बटाटा कुस्करून घातला. पळीतला थेंब मनगटावर टाकायचा नि चाटून बघायचा.

"मासळीत दूध? कोड फुटेल," मी म्हटलं.

"गोरे रोज खातात, भाऊ."

"ते मुळातच पांढरे."

तो हसला. भ्यालो असं दिसू नये म्हणून मी वाडगा रिकामा केला. बायकोला पाचवा महिना लागला होता. मी नको म्हणायच्या आत तिनंही भुरकलं, वर आणखी मागितलं. तेव्हा त्याच्या मनगटावरचा पांढरा डाग मला दिसला.

"हे काय?"

"भाजलंय. दूध उतू गेलं होतं." त्यानं बाही खाली ओढली.

चार महिने मला धड झोप नाही. मुलगी झाली तशी सुईणीच्या हातातून घेऊन अंगणातल्या उजेडात नखापर्यंत पाहिली. सुईण ओरडली, पण मी ऐकतोय कुठला. डाग नव्हता.

आज तिला नातवंडं आहेत. माहेरी आली की पाया पडते, आणि आशीर्वाद देण्याआधी मी तिची मनगटं बघतो.