माझी साखर, त्यांचा फोन

रक्त माझं काढलं, पण साखर वाढल्याची बातमी डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला दिली. मी शेजारच्या खुर्चीवरच बसले होते.

वाशीमच्या त्या दवाखान्यात बाहेर टेबल टाकून एक मुलगी बसली होती. साखरेच्या पेशंटसाठी नवीन योजना आहे, असं तिनं सांगितलं. फोनवर रोज सल्ला येणार, दर आठवड्याला एक ताई फोन करून विचारपूस करणार, शिवाय घरी साखर तपासायचं छोटं मशीन मिळणार. आणि हे सगळं सरसकट नाही, प्रत्येक पेशंटचं राहणीमान बघून, खास त्याच्याकरता. माझे उपवास कोणते, तेही तिनं विचारून घेतलं. मग तिनं मोबाईल नंबर मागितला. माझ्याकडे फोन नव्हता. नवऱ्यानं स्वतःचा नंबर दिला, आणि खास माझ्याकरता तयार केलेला सल्ला दुसऱ्या दिवसापासून खास त्यांच्या खिशात येऊ लागला.

आमचं गाव शिरपूरजवळ. गावात ह्यांच्या शब्दाला वजन आहे, सकाळी ओट्यावर चार माणसं बसायला येतात. पहिला मेसेज आला तेव्हा दरबार भरलेला होता. ह्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "नमस्कार ताई, आज आपण आपल्या पायांची काळजी घेतली का?" ओट्यावरची सगळी माणसं ह्यांच्या पायांकडे बघायला लागली. एकानं तर काळजीनं विचारलं की काही लागलं का. त्या दिवसापासून मेसेज वाचण्याचं काम ओट्यावरून माजघरात हललं.

हळूहळू ह्यांना त्या कामाची गोडी लागली. तीस वर्षांच्या संसारात मला सांगण्यासारखं ह्यांच्याकडे इतकं कधीच नव्हतं. मेसेज आला की लगेच सांगायचा नाही, स्वतःच्या सवडीनं, जेवताना सांगायचा. "फोननं तुले भात कमी सांगतला," असं म्हणत स्वतःच्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढून घ्यायचा. त्यांच्याबद्दल फोन काही बोलत नव्हता, त्यामुळे त्यांची तब्येत ठणठणीत होती.

सल्लेही मोठे प्रेमळ होते. एकदा ब्रोकोली खायला सांगितली. ह्यांनी आठवडी बाजारात चौकशी केली. भाजीवाल्यानं फुलकोबी दिली आणि हिरवी पाहिजे असेल तर मेथी घेऊन जा म्हणाला. आम्ही दोन्ही खाल्लं आणि सल्ला पाळल्याचं समाधान मिळवलं.

मशीनही मिळालं. ते ह्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं. "वस्तू नाजूक हाय, लेकरं हात लावतीन." मुलगी नागपूरला दिलेली, मुलगा पुण्याला नोकरीवर. घरात लेकरं म्हणजे आम्ही दोघंच. माझी साखर तपासायची तर ह्यांना वेळ पाहिजे, मूड पाहिजे आणि किल्ली सापडली पाहिजे.

आठवड्याचा फोन यायचा तोही हेच घ्यायचे. मी चुलीपुढे भाकरी थापत ऐकायची. मी रोज फिरते, वेळेवर जेवते, पालेभाजी भरपूर खाते, मनावर कसला ताण नाही, असं त्या ताईला कळायचं. मलाही तेव्हाच कळायचं. ऐकून इतकं बरं वाटायचं की हे जिचं सांगत होते त्या बाईला एकदा भेटावं आणि तिच्याकडून सुखी राहायची युक्ती शिकून घ्यावी, असं मनात यायचं. मग मला शाबासकीचा मेसेज यायचा आणि हे तो अभिमानानं स्वीकारायचे.

अशात चतुर्थी आली. माझा उपवास कडक, चंद्र दिसेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. सकाळी साखरेची गोळी घेतली, कारण गोळी चुकवायची नाही एवढंच मला सांगितलं होतं. हे तूर घेऊन कारंजाच्या मार्केटला गेले. दुपार कलल्यावर हात थरथरायला लागले. घाम असा सुटला की लुगडं पाठीला चिकटलं. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून भिंतीला टेकून बसले. मशीन कपाटात, किल्ली कारंजात. मला खरंच वाटलं की आपलं आता संपलं, आणि ते माझ्या नवऱ्याला मेसेजवरून कळेल.

शेजारची जाऊबाई विरजण मागायला आली म्हणून वाचले. तिच्या वडिलांना हीच बिमारी होती, तिनं असं घरी पाहिलं होतं. तिनं लगेच डब्यातली साखर पाण्यात ढवळली आणि गिलास तोंडाला लावला. मी उपवासाचं म्हणायला गेले तर ती म्हणाली, "गणपतीले मी सांगतो. तू पी." ज्या साखरेवर घरात बंदी होती, तिनंच मला माणसात आणलं. पुढे जाऊबाईनं मला भाकरी चारली आणि हे येईपर्यंत हलली नाही.

संध्याकाळी हे आले. जाऊबाईनं सगळं सांगितलं, तेव्हा खिशातून फोन काढून म्हणाले, "हो, सकाळीच आला होता मेसेज. मी जेवताना सांगणारच होतो."

मी फोन हातात घेतला. योजनेत नाव घातल्यापासून पहिल्यांदाच. त्यात लिहिलं होतं की ताई, आज चतुर्थी, तुमचा उपवास असेल, रिकाम्या पोटी गोळी घेऊ नका, आधी आम्हाला फोन करा. इतक्या दिवसांत खरोखर माझ्याकरता लिहिलेला असा तो एकच मेसेज होता. माझा उपवास कुठेतरी कुणीतरी लक्षात ठेवला होता. वाचून मला रडू आलं, आणि ते ह्यांच्यासमोर आलं याचा राग आला. ह्यांनी कपाटाची किल्ली देवळीत आणून ठेवली.

आठवड्याचा फोन आला. हे सवयीनं सुरू झाले, "सगळं बराबर हाय म्याडम."

मी पिठाचा हात पुढे केला. "द्या इकडं."

ह्यांनी दिला. ताई वयानं लहान वाटली, मला काकू म्हणाली. चतुर्थीचं ऐकून तिनं डॉक्टरांशी बोलून गोळी बदलून घ्यायला लावली आणि मशीन स्वतः कसं वापरायचं ते समजावलं. मग विचारलं, "काकू, तुम्ही जेवता कधी?"

हा प्रश्न मला माझ्या आईनंतर कुणी विचारला नव्हता. मी खरं सांगितलं. ह्यांचं झाल्यावर, भांडी आवरून, जे उरेल ते. कधी नुसता भात, कधी चहाबरोबर सकाळची भाकरी. ब्रोकोलीचं नाव तिनं काढलं नाही. ज्वारीची भाकरी चालेल, भात थोडा, वरण-भाजी जास्त, आणि काका बसतील तेव्हाच तुम्हीही ताट घेऊन बसायचं, मागाहून नाही, एवढंच म्हणाली. शेवटचं औषध आमच्या तालुक्यातल्या कुठल्याच मेडिकलमध्ये मिळणार नव्हतं.

दिवाळीला मुलगी तिचा जुना फोन घेऊन आली. घरात दोन फोन कायले, असं ह्यांनी एकदा विचारून पाहिलं. मुलगी तोवर मला फोन कसा उचलायचा ते दाखवत होती. माझा नंबर योजनेत चढला तरी ह्यांना काही दिवस मेसेज येतच राहिले. ते बंद झाले तेव्हा हे दोन-तीनदा फोन बंद करून चालू करताना दिसले. पुढच्या तपासणीत माझा आकडा खाली आला.

दोन ताटं मांडायला लागलो तेव्हा सुरुवातीला भारी अवघड गेलं. समोरासमोर बसून काय बोलायचं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. हे भाकरीकडे बघायचे, मी ह्यांच्याकडे. एका संध्याकाळी ह्यांनी घास घेतला आणि म्हणाले की वांग्यात मीठ जास्त झालं. इतकी वर्षं हे ऐकून मी खाली मान घालायची, कारण भाजी मी अजून चाखलेलीच नसायची. त्या दिवशी तीच भाजी माझ्याही तोंडात होती. मी नीट चावली, गिळली आणि सांगितलं, "बराबर हाय मीठ. खा."