निर्जंतुक माती

आमच्या रुग्णालयाने बाहेरगावच्या मुसलमान पेशंटांसाठी खास सोयी करायचं ठरवलं, तेव्हा मी डोळ्यांच्या वॉर्डाची इनचार्ज सिस्टर होते. जबलपुरात हे अजून कुणी केलेलं नाही, एवढंच संचालकांना त्यातलं कळलं होतं. बैठकीत मी म्हटलं, बायकांच्या तपासणीला बाई ठेवा आणि संडासात नळाखाली टमरेल ठेवा. सगळे हसले. मग चौथ्या मजल्यावर नमाजाच्या खोलीत हिरवा गालिचा आला आणि स्वयंपाकघरावर ‘हलाल’ अशी पाटी लागली. त्या स्वयंपाकघरात पहिल्यापासून अंडंसुद्धा शिजत नव्हतं. दुधीची भाजी हलाल करून दाखवणारे आम्हीच पहिले. दाखल होणाऱ्याला खजुराचा डबा आणि जाळीची टोपी भेट. बायकांनाही टोपीच. मला नवल वाटलं नाही. आम्हा बौद्धांसाठीही ही मंडळी वर्षातून एकदा फोटोला हार घालतात आणि मोकळी होतात.

त्याच महिन्यात सिवनीहून एक निवृत्त शिक्षिका आल्या. दोन्ही डोळ्यांचे पडदे सुटलेले. उजव्याचं ऑपरेशन झालं, डाव्याचं तीन दिवसांनी होतं. ते लांबलं तर डोळा गेला, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तोंडाला पाणी लावायला मनाई होती. बाईंनी वाद घातला नाही. पिशवीतून भाजलेल्या मातीचा तुकडा काढून उशाशी ठेवला. पाणी चालत नसेल तेव्हा अशा मातीवर तळवे टेकवून चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवायचे; नमाजाआधी हात-तोंड धुण्याचा वजू त्यानेच होतो, नमाज पढता येते.

दुसऱ्या दिवशी तुकडा गायब. मी सफाईवाल्या मावशींना गाठलं.

“काहून फेकला?”

“मी काहून फेकीन, सिस्टर? मोठे साहेब राउंड करून राहिले होते. म्हणे, डोळ्यांच्या वॉर्डात माती? उचला. मी उचलली.”

हे साहेब, म्हणजे संचालक, बाहेरचे बूट घालून वॉर्डभर फिरून गेले होते. मी त्यांच्या खोलीत जाऊन सांगितलं, ती माती नमाजसाठी होती.

“ऊपर प्रेयर रूम है ना, सिस्टर. एसी भी है.”

खाली आले तर बाई पिशवी भरत होत्या. “सिस्टर जी, बेटे को फोन लगा दीजिए. हम घर जाएँगे.”

“आँख चली जाएगी, मैडम.”

“जाए. टेबल पर लेटूँगी तो नमाज़ पढ़के, नहीं तो नहीं.”

चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला समजावण्यात मी वेळ घालवला नाही. जेवणाच्या सुट्टीत स्कूटी काढून घमापुरात कुंभाराकडे गेले.

“खाली ढक्कन, दीदी? मटका नहीं?”

“नहीं. और रंग लगा हुआ मत देना.”

कोरी झाकणी धुऊन वाळवली, दुहेरी कापडात बांधली, वर टेप लावली आणि ऑटोक्लेवमध्ये टाकली. टेपवरचे पट्टे काळे झाले, म्हणजे झाकणी निर्जंतुक झाली. मी त्यावर नेहमीसारखी तारीख टाकली, सही केली. आता त्या वॉर्डात त्या झाकणीइतकं स्वच्छ काही नव्हतं, संचालकांसकट. त्यांना मी तसं कळवलंही, शेवटचा शब्द वगळून.

बाईंनी गाठ सोडली, बोटांनी चाचपून पाहिलं. “कोरी है?”

“दो बार भट्टी से निकली है.”

त्यांनी पिशवी पुन्हा पलंगाखाली सरकवली.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी समोर तीन बोटं धरली. “तीन,” त्या म्हणाल्या, “और नाख़ून बढ़े हुए हैं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला संचालक फोटोग्राफर घेऊन हजर. “मैडम, वो मिट्टीवाला आइटम ज़रा हाथ में लेंगी? हमारी नई सुविधा है.”

बाईंनी त्यांच्याकडे दोन्ही डोळ्यांनी नीट पाहून घेतलं. “अभी नमाज़ का वक़्त है. बाहर जाइए.”

सकाळी साडेदहाला दिवसाच्या पाचांपैकी कुठलीच फर्ज नमाज नसते. साहेब माफी मागत, फोटोग्राफरला ढकलत बाहेर गेले. दार मी लावून घेतलं.