हा फोटो कुठं काढलाय?

अण्णांनी मोबाइल आमच्या ऑफिसातल्या टेबलावर ठेवला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. फोटोत आमची सर्व्हेवाली मुलगी रूपाली एका गरोदर बाईच्या बोटातून रक्ताचा थेंब घेत होती. बाईचा चेहरा स्पष्ट होता. मागे चाळीच्या खोल्यांची रांग आणि विटांच्या चौथऱ्यावर निळी पाण्याची टाकी.

"ही माझी पुतणी हाय," अण्णा म्हणाले. "हा फोटो कुठं काढलाय, तेवढं सांगा. तिची आई दवाखान्यात पडलीय. पोरीला बघायचं म्हणते."

मी तेव्हा कर्जत आणि खालापूर तालुक्यांत चाललेल्या एका आरोग्य सर्व्हेची फील्ड को-ऑर्डिनेटर होते. आमच्या मुली गरोदर बायकांना घरी जाऊन भेटायच्या. अंगात रक्त किती आहे ते तपासायच्या. खाणंपिणं काय, लोहाच्या गोळ्या मिळतात का, घरात कुणी हात उगारतं का, असंही विचारायच्या. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बायका सहसा सख्ख्या बहिणीलाही देत नाहीत. आम्हाला देतात, कारण सुरुवातीलाच आम्ही सांगतो की हे बाहेर जाणार नाही.

अण्णा एका गावचे माजी सरपंच. त्यांचं आणि पुतणीचं नाव मी इथे बदललंय, गाव सांगत नाही. सर्व्हे सुरू झाला तेव्हा गावात आम्हाला कुणी उभं करत नव्हतं. अण्णांनी देवळात बायकांना बोलावून शब्द टाकला आणि दारं उघडली. त्यांना नाही म्हणणं सोपं नव्हतं.

पुतणीला, सुमनला, मी कधी भेटले नव्हते. पण ती टाकी मी बघितली होती. खालापूर तालुक्यात कारखान्यातले कामगार भाड्याने राहतात, त्यातल्या एका चाळीत मी पाहणीला जाऊन आले होते. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून मी चहा सांगितला.

"अण्णा, सर्व्हेत कोण आहे आणि कोण नाही, हे मी कुणालाच सांगू शकत नाही."

"फोटोत दिसतंय की."

"दिसत असेल. मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही."

ते रागावले नाहीत. पोरीने वर्षभरापूर्वी जातीबाहेर लग्न केलं, तेव्हापासून घरात कुणाला घास गोड लागत नाही, असं म्हणाले. झालं गेलं आम्ही विसरलो, निदान निरोप तरी पोचवा, असंही म्हणाले. मला तेही करता येत नव्हतं. निरोप पोचवते म्हणणं म्हणजे ती आमच्याकडे आहे हे कबूल करणंच. बाहेरच्या माणसाला हा नियम दगडासारखा वाटतो. त्या क्षणी मलाही वाटत होता. आई खरंच शेवटच्या घटका मोजत असेल तर?

अण्णांबरोबर सुमनचा भाऊ आला होता. तिशीचा असेल. तो बसला नाही, एक शब्द बोलला नाही. भिंतीवरच्या नकाशापुढे उभा होता. सर्व्हेच्या गावांवर आम्ही टाचण्या लावल्या होत्या. नेरळ, पोशीर, पळसदरीच्या बाजूला टाचण्यांची गर्दी. खालापूरकडे मात्र मोजक्याच. कामगारांच्या चाळी त्याच बाजूला आहेत हे त्यालाही कळेल, हे माझ्या लक्षात आलं. मी उठून त्याच्या आणि नकाशाच्या मध्ये जाऊन उभी राहिले. त्याच्या हातात मोबाइल होता. त्याने फोटो काढला की नाही, मला कळलं नाही.

अण्णांनी चहा घेतला नाही. उठताना म्हणाले, "मग आमच्या गावात तुमची माणसं येणार नायत. आजूबाजूचं पण मी बघतो." दोघे गेले, पण त्यांची गाडी रस्त्यापलीकडे उभी राहिली.

मी रूपालीला आतल्या खोलीत घेतलं. फोटो सर्व्हेतल्याच मैत्रिणीने काढला होता आणि रूपालीने तो व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवला होता. आपण काय काम करतो ते घरच्यांना दिसावं, एवढंच तिच्या मनात. अण्णांच्या गावात काम करताना तिने बऱ्याच बायकांना नंबर दिला होता. त्यातली एक अण्णांची सून. रूपालीने स्टेटस लगेच काढलं, पण त्यांच्या मोबाइलमधला फोटो आता कोण काढणार? मी आत्ता चाळीत जाऊन तिला सांगते, असं ती रडत म्हणू लागली. मी तिला खिडकीतून गाडी दाखवली. ती निघाली असती, तर गाडीला आयता वाटाड्या मिळाला असता.

मुंबईला आमच्या सरांना फोन लावला. माझ्याआधी अण्णांचा फोन तिथे पोचला होता.

"मॅडम, आई आजारी आहे म्हणतात," सर म्हणाले. "माणुसकी म्हणून काही करता येईल का? ती सगळी गावं हातची गेली तर सर्व्हे अर्धा राहील."

"आई आजारी असेलही, सर. पण तिचा पत्ता आपला नाही. तो तिचा आहे."

मग मी त्यांच्याकडे लिंक फाइल उघडायची परवानगी मागितली. आमच्याकडे उत्तरांपुढे नाव नसतं, कोड नंबर असतो. कोणता कोड कोणाचा, हे दुसऱ्या एका फाइलमध्ये असतं. तिला लिंक फाइल म्हणतात. ती कुलूपबंद असते आणि लेखी परवानगीशिवाय मलाही उघडता येत नाही. सरांनी विचारलं, कशासाठी? म्हटलं, आपल्या चुकीमुळे एका बाईच्या जिवाला धोका असू शकतो. तिला सांगितलं पाहिजे. पुढे काय करायचं ते ती ठरवेल.

त्यांचा ईमेल येईपर्यंत मी खिडकीपासून हलले नाही. ईमेल आला. त्यात त्यांनी नैतिकता समितीलाही कळवलं होतं. ही समिती सर्व्हेत लोकांवर अन्याय होत नाही ना, ते बघते. एरवी मी सरांवर कागदी घोडे नाचवतात म्हणून चिडायचे. त्या दिवशी चिडले नाही.

फाइलमध्ये नंबर नवऱ्याचा होता. आता नवी अडचण. नवऱ्यालाही काही सांगायचं नाही, असा नियम. घरातल्या मारहाणीचा प्रश्न विचारणाऱ्यांनी हा नियम मोडायचा नसतो, मग नवरा देवमाणूस का असेना. तो कंपनीत शिफ्टवर होता. मी आरोग्याच्या कामासाठी बोलतेय, तुमच्या मिसेसना जमेल तितक्या लवकर मला फोन करायला सांगा, एवढंच म्हणाले. त्याने काही विचारलं नाही.

मग वाट बघणं आलं. मी फोन हातात धरून बसले होते आणि पलीकडची गाडी सुरू झाली. स्टेशनकडे वळली नाही. खालापूरच्या रस्त्याला लागली. रूपालीने माझा हात घट्ट धरला.

तेवढ्यात फोन वाजला.

मी आधी विचारलं, जवळ कुणी आहे का. शेजारणीचा मोबाइल घेऊन सुमन खोलीत एकटीच होती. मग काही न लपवता सांगितलं. आमच्या मुलीने तुमचा फोटो स्टेटसला ठेवला. चूक आमची आहे. तो तुमच्या काकांकडे गेलाय. ते इथे आले होते, बरोबर तुमचा भाऊ होता. पत्ता आम्ही दिलेला नाही, पण त्यांची गाडी आत्ता तुमच्या बाजूला निघालीय.

"भाऊ काय बोलला?"

"काहीच नाही. नकाशा बघत होता."

"मग तो येईल," ती म्हणाली. लगेच पुढे विचारलं, "आई खरंच आजारी हाय का?"

"मला माहीत नाही. तुमचे काका म्हणत होते."

पोलिसांकडे संरक्षण मागता येतं, तुम्ही म्हणाल तर मी ठाण्यात फोन करते, असं मी सांगितलं. आत्ताच करा, नाव आणि पत्ता सांगा, ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी ठाण्यात फोन केला. माझं नाव, हुद्दा, आणि तिने सांगायला मुभा दिली तेवढंच सांगितलं.

पुढचं मला तिच्याकडूनच कळलं. तिने माहेरच्या एका मावशीला फोन केला. मावशी योगायोगाने दवाखान्यातच होती. आई खरोखर आजारी होती. मावशीने फोन आईच्या कानाला लावला. आई एवढंच म्हणाली, "मी बरी हाय गं. कुणी बी बोलवायला आलं, तरी येऊ नको."

सुमनने आपली गरोदरपणाच्या तपासण्यांची फाइल आणि अंगावर घालायला दोन कपडे घेतले. पोलीस ठाण्यात जायला शेजारणीने रिक्षा आणली. नवरा कंपनीतून थेट ठाण्यात आला. दिवेलागणीला गाडी चाळीत पोचली. भाऊ दारोदार फोटो दाखवत फिरला. खोलीला कुलूप होतं. चाळीतल्या एकानेही ओळख दाखवली नाही. पोलिसांनी अण्णांना आणि भावाला बोलावून घेतलं आणि दोघांकडून लेखी हमी घेतली. हमीने माणूस बदलतो असं नाही, पण आपल्यावर नजर आहे हे त्याला कळतं.

अण्णांनी शब्द पाळला. त्यांच्या गावात आणि शेजारच्या दोन गावांत आम्हाला परत पाऊल ठेवता आलं नाही. रिपोर्टमध्ये तिथली माहिती अपुरी आहे, असं लिहावं लागलं. सरांना त्याबद्दल वरून ऐकून घ्यावं लागलं. मला ते काही बोलले नाहीत.

सुमनने मात्र तिची सगळी माहिती काढून टाकायला सांगितलं. तो तिचा हक्क. कोड, उत्तरं, नंबर, सगळं काढलं. आता फील्डवर मुलींचे स्वतःचे मोबाइल बॅगेत बंद असतात आणि नकाशा भिंतीवर नसतो. मुली कुरकुरतात. नव्या मुलींना हे समजावायचं काम मी रूपालीला दिलंय. ती माझ्यापेक्षा कडक आहे.

काही महिन्यांनी सुमनचा फोन आला. दुसऱ्या तालुक्यातून बोलत होती. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहोत, म्हणाली. कोणत्या तालुक्यातून ते मी विचारलं नाही. आजीला नात बघायला मिळाली का, हे ओठांवर आलं होतं. तेही विचारलं नाही. कामाला लागत नाही ती माहिती मागायची नाही, असं आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात.