मार्थाबाईचा घास

नागपूरहून गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर केळ्यांची पिशवी होती आणि मनात एकच काळजी: पाळकांच्या घरी गेल्यावर नमस्कार कसा करायचा? होस्टेलच्या खोलीतला माझा सोबती प्रवीण मला सुट्टीत आपल्या घरी नेत होता. त्याचे वडील ख्रिस्ती मंडळीचे पाळक (धर्मगुरू) आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि ख्रिस्ती घरी मुक्कामाला जाणाराही पहिलाच.

"नमस्कारच कर ना बे," प्रवीण म्हणाला. "ते का विलायतेतून आले का?"

गोंदिया स्टेशनाबाहेर सगळीकडे हिंदी ऐकू येत होती. प्रवीणही रिक्षावाल्याशी हिंदीतच भांडला आणि दहा मिनिटांत आम्ही त्याच्या गावी, मुर्रीला, पोचलो. गाव शहराला चिकटलेले आहे, पण प्रवीणच्या घरामागे लगेच भाताच्या बांध्या (बांध घातलेली शेते) सुरू होतात. कापणी झालेली होती आणि धसकटांमधून लाखोळीच्या डाळीचे हिरवे वेल वर आले होते. प्रवीणचे वडील अंगणात स्कूटर पुसत होते. मी नमस्कार केला. त्यांनी ओले हात तसेच जोडले आणि विचारले, "जेवले का?"

संध्याकाळी त्यांनी एका लहान पेटीत उद्याचे सामान भरले: धातूचा प्याला, द्राक्षारसाची बाटली, आणि एका डबीत रुपयाएवढ्या पांढऱ्या, पातळ चकत्या. यांनाच ते भाकर म्हणतात. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि चोरखमाऱ्याजवळच्या एका खेड्यात प्रभुभोजन होते. येशूने शेवटच्या जेवणात शिष्यांना भाकर आणि प्याला दिला, त्याचा हा विधी.

मला वाटले, आपणही समजूतदारपणे काही बोलावे. म्हणालो, "म्हणजे आम्ही वर्षश्राद्धाला गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान वाढतो, तसंच ना? आठवणीसाठी?"

"काही मंडळ्या तसं मानतात," ते म्हणाले. "आम्ही लूथरन पंथाचे. आम्ही म्हणतो, आठवण तर आहेच, पण तो स्वतः येतो. शरीरानं."

"मग भाकरीचं मांस होतं?"

प्रवीणने मला कोपराने ढोसले. वडील मात्र हसले नाहीत. "नाही. भाकर भाकरच राहते. तिच्यात, तिच्यासोबत, तिच्याआड तो असतो. कसा असतो, ते मला कळत नाही. त्यानं ते आपलं शरीर म्हणून दिलं, म्हणून मी मानतो."

वर्गात मला एखादी गोष्ट कळली नाही की मी मान खाली घालून वहीत रेघा ओढतो. हे गृहस्थ आयुष्यभर जे काम करत आले, त्याच्याबद्दल 'कळत नाही' असे सरळ सांगत होते. मला ते पटले असे म्हणत नाही. पण पुढचा प्रश्न मी विचारला नाही.

सकाळी निघालो. पुढे त्यांची स्कूटर, मागे प्रवीणच्या मोटारसायकलवर आम्ही दोघे. तिरोड्याच्या अलीकडे आमची साखळी उतरली. प्रवीणने ती काडीने चढवली आणि काळे हात माझ्या रुमालाला पुसले. पुढे कालव्याच्या काठाने रस्ता गेला. चोरखमाऱ्याचा जलाशय अचानक दिसला, इतका रुंद की पलीकडची टेकडी पाण्यावर ठेवल्यासारखी वाटत होती. मी थांबायला सांगितले. "परतताना पाय तो तलाव," प्रवीण म्हणाला, "बाबा वाट पाहून राहिले असतील."

प्रार्थनाघर म्हणजे टिनाच्या छपराची एक खोली. पंचवीसेक माणसे होती, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. मी सर्वांत मागे, भिंतीला टेकून बसलो. शेजारी स्वच्छ धोतर आणि स्वेटर घातलेले एक म्हातारे होते. "पाहुणे का जी?" एवढेच त्यांनी विचारले आणि बसायला आपल्या घोंगडीचे टोक दिले. त्यांचे नाव दसरूजी.

गाणी झाली, उपदेश झाला. मग एकेक जण पुढे जाऊन गुडघे टेकू लागला. पाळक प्रत्येकाच्या तळहातावर चकती ठेवत आणि दर वेळी तेच म्हणत, हे तुझ्यासाठी दिलेले शरीर. दसरूजी गेले आणि परतले, पण त्यांची मूठ मिटलेलीच होती. बसल्यावर त्यांनी ती हळूच उघडली. चकती तशीच होती. मी पाहिले, हे त्यांनीही पाहिले.

"घरी बायको आहे जी," ते कुजबुजले. "खाटेवर. तिच्यासाठी."

त्यांचा घाबरलेला चेहरा पाहून मला वाईट वाटले. आमच्याकडे जो देवळात येऊ शकला नाही त्याच्यासाठी प्रसाद घरी नेतातच. न नेणे हाच दोष. "न्या ना मग, त्यात काय!" मी म्हणालो, आणि वहीचे पान फाडून छान घट्ट पुडी बांधून दिली. त्यांनी ती स्वेटरच्या आत, छातीशी ठेवली.

प्रार्थना संपल्यावर मी हे प्रवीणला सांगितले. खरे तर थोड्या अभिमानानेच सांगितले.

"अबे, तू पुडी बांधून दिली?" त्याचा चेहरा उतरला. "शेंगदाणे होते का ते?"

तो वडिलांना बोलवायला गेला. दसरूजी काठी घेऊन दाराशीच उभे होते. पाळक आले तसे दसरूजींनी कोणी न विचारताच पुडी काढून पुढे केली.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "मीच न्यायला सांगितलं."

"आधी मी मूठ मिटली ना जी," दसरूजी म्हणाले. "या पोराले का माहीत?"

पाळकांनी पुडी उघडली. चकतीचे दोन तुकडे झाले होते. "दसरूजी, हे तुम्हाला दिलं होतं. घ्या, तुम्हीच खा."

"अना तिले?"

"तिचं तिला मिळेल. हे साठवून न्यायचं नसतं. वचन बोललं जातं आणि भाकर खाल्ली जाते, तिथंच तो येतो. घर तर दूर नाही ना? चला. पण मला सांगा, मी तीनदा घरी येतो म्हटलं, तुम्ही तीनदा 'झोपली आहे' म्हणालात. कायले?"

दसरूजींनी दोन्ही तुकडे तोंडात टाकले, डोळे मिटले, गिळले. मग काठी टेकत पुढे चालू लागले.

घर कालव्यापलीकडे होते. ओसरीत खाटेवर मार्थाबाई पडल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला, तेव्हापासून उजवे अंग गेले होते आणि ओठाचा एक कोपरा खाली लोंबत होता. पाळकांना पाहताच त्यांनी डाव्या हाताने पदर ओढून तोंड झाकले आणि काहीतरी बोलल्या. मला शब्द कळले नाहीत.

"सांडन म्हणते," दसरूजी खाली पाहत म्हणाले. "पेज पाजली तं अर्धी बाहेर येते. तिले लय भेव आहे जी. आंबील सांडली तं सांडली, पण प्रभूचं शरीर तोंडातून गळलं तं? म्हणून येऊ नका म्हणे. मी म्हटलं, आपून दोघंच असताना, दार लावून, पेजेत चुरून देऊन पायतो. कोणी पायणार नाही."

मला तेव्हा कुठे कळले की मी कशाची पुडी बांधली होती. ती चकती आठवणीची खूण असती, तर ही बाई दोन वर्षे या घासावाचून राहिली नसती. तो खरोखर येतो असे त्यांना वाटत होते, म्हणूनच त्या त्याला नको म्हणत होत्या.

पाळक खाली जमिनीवर बसले. मग म्हणाले, "मार्थाबाई, जन्मला तेव्हा गोठ्यातल्या गवतात निजला तो. तुमच्या तोंडाचं त्याला काय भेव?"

पदर हलला नाही.

"आणि सांडलं, तर मी आहे ना."

बाई पुन्हा काही बोलल्या. दसरूजींना हसू आले. "म्हणते, तुमाले पुसता येत नाही. पेज पाजाची सवय लागते."

"मग दसरूजी पुसतील," पाळक म्हणाले.

थोड्या वेळाने पदर खाली आला.

पेटी उघडली. खाटेजवळच्या स्टुलावर पांढरे कापड पसरले, वचने पुन्हा म्हटली, भाकरीवर आणि प्याल्यावर. पाळकांनी नखाएवढा तुकडा मोडला, चमच्यातल्या द्राक्षारसात भिजवला आणि मार्थाबाईंचे नाव घेऊन ते म्हणाले, हे तुझ्यासाठी. चमचा ओठांत गेला. लगेच लोंबत्या कोपऱ्यातून लाल थेंब हनुवटीकडे निघाला आणि त्यात तो भिजलेला तुकडाही होता. बाईंच्या डोळ्यांत भीती दाटून आली. प्रवीणने माझे मनगट धरले.

दसरूजींनी घाई केली नाही. अंगठ्याने खालून वर, हनुवटीपासून ओठापर्यंत, तो थेंब तुकड्यासकट परत तोंडात लोटला. मग दोन बोटांनी ओठ जुळवून धरले आणि दुसऱ्या हाताने गळा हळूहळू चोळू लागले. रोज पेज पाजताना ते हेच करत असणार. पाळक चमचा हातात घेऊन थांबून राहिले.

नंतर पाळकांनी चमचा आणि प्याला पाण्याने विसळला आणि ते पाणी स्वतः पिऊन टाकले. दसरूजींनी आम्हाला भात आणि झिंग्यांचा रस्सा वाढला. मी दोनदा भात मागून घेतला. परतताना जलाशयाशी थांबायचे होते, पण दोघांनाही आठवले नाही.

पुढच्या आठवड्यात मी वर्धा जिल्ह्यातल्या माझ्या गावी गेलो. आईला सगळे सांगायला बसलो. भाकर भाकरच कशी राहते, तिच्यात, सोबत, आड म्हणजे काय, हे मला नीट जमेना. मी ख्रिस्ती नाही, आणि तो येतो की नाही यावर मत द्यायची माझी लायकी नाही. एवढेच सांगू शकतो की त्या ओसरीत कोणीही तो नसल्यासारखे वागले नाही. आई मेथी निवडत ऐकत होती. मी अडखळून थांबलो तेव्हा तिने मान वर केली.

"ते राहू दे," ती म्हणाली. "गिळलं का मंग तिनं?"

"गिळलं," मी म्हणालो. "वेळ लागला. पण सगळं गिळलं."