साडेतेराशेचा बोर्ड

हात जोडायचे थांबवा.

दिलीपमामा परवा गेले, आणि तासाभरात आपल्या ड्रोन ग्रुपवर 'देवमाणूस', 'कोल्हापूरचा हिरा' सुरू झालं.

गेल्या दिवाळीत हाच हिरा तुम्हाला लुटारू वाटत होता. स्क्रीनशॉट आहेत माझ्याकडे. टाकू?

बाकीच्या मित्रांसाठी सांगतो. मामांचं शाहूपुरीत टीव्ही रिपेअरिंगचं दुकान. आम्ही ग्रुपवाल्यांनी मिळून ड्रोनचा एक बोर्ड डिझाइन केला. बॅटरीचा करंट चार मोटरींना वाटून देणारा. डिझाइन सगळ्यांचं, फाइल सगळ्यांना फुकट. बनवायची वेळ आली तेव्हा मात्र सगळे बिझी.

मामा म्हणाले, "आणा हिकडं."

तीस नग बनवले. बोर्डावर बारीक अक्षरात ग्रुपचं नाव आणि खाली 'दिलीप'. किंमत साडेतेराशे.

झालं! "मामा, बाहेरचा आठशेला येतोय." "डिझाइन आमचंच, मग पैसे कशाचे?"

एकजण तर दुकानात येऊन भांडला. मी तिथंच चहा पीत होतो.

मामांनी सोल्डरिंग थांबवलंसुद्धा नाही. "पावणं, डिझाइन तुमचंच हाय की. जळल्यावर मग माझ्याकडं कशाला येताय?"

हिशोब साधा होता. हजारोंनी मागवलं की पार्ट चिंचोक्याच्या भावात मिळतात. तीस म्हटलं की दुकानदार तोंड वाकडं करतो. वर तिसातले तीन बोर्ड मामा विकायचेच नाहीत, बदलून द्यायला बाजूला ठेवायचे. त्या तीन बोर्डांचा खर्च सत्तावीस जणांवर.

आणि प्रत्येक बोर्ड उडवून बघायचा. कसबा बावड्यात, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात. एक तरी गगनबावड्याच्या धुक्यात.

एकदा मी सोबत गेलतो. घाटात ढग इतका खाली की ड्रोन वर गेला आणि नुसता आवाजच उरला. मी म्हटलं, मामा, गेला तुमचा ड्रोन. म्हणाले, "गप, ऐक. आवाज बदलला का सांग." अर्धा तास आम्ही दोघं ढगाकडे कान लावून उभे. बाजूला एक म्हैस, तीपण वर बघत होती. मग भजी खाल्ली. तिथली मिरचीची भजी म्हणजे...

भरकटलो.

मुद्दा असा की साडेतेराशेला लूट म्हणणाऱ्यांत एकजण डोकेबाज निघाला. त्यानं तीच फाइल घेतली आणि बाहेरून वीस बोर्ड करून आणले. साडेनऊशेला विकले. त्यासाठी एक पार्ट गाळला, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याला वाटलं, उगाच लावलाय.

मोटर एकदम थांबली की करंटचा उलटा झटका येतो. तो झटका तो दाणा अंगावर घेतो.

दाणा गाळला, पण बोर्डावरचं 'दिलीप' ठेवलं. त्या नावावर माल खपतो म्हणून.

तो डोकेबाज मी.

हां. मीच. कॉलेज अर्ध्यात सोडलेला, आज गोवा उद्या हंपी करणारा. पेट्रोलला पैसे हवे होते, दुसरं काही कारण नाही.

बोर्ड जळायला लागले. लोक नाव वाचून मामांच्या दुकानात. मामांनी ते बाजूला ठेवलेले तीन बोर्ड निमूट बदलून दिले.

बोर्ड कुणाकडून घेतला ते त्यांच्याकडून कळल्यावर मला बोलावलं. एक जळका बोर्ड पुढ्यात ठेवला.

"ह्यातला दाणा कुठाय रं?"

"काय माहीत, मामा."

"किती विकलास?"

"...वीस."

"तीन आले. म्हंजे सतरा यायचेत अजून."

मी म्हटलं, ग्रुपवर सांगा माझं नाव. तर म्हणाले, "मी सांगितलं तर लोक तुझ्याकडं येतील. तू देणार हाईस काय बदलून?"

"न्हाय."

"मग? बोर्ड मी देतो. नाव तू सांग. तोंड तुझं हाय."

"सांगतो, मामा."

आणि मी गोकर्णला गेलो.

तिकडे समुद्रावर पडून वाचत होतो. 'बोर्ड जळतात आणि वर साडेतेराशे?' 'मामा, दुकान टीव्हीचंच बरं.' 'लुटारू.' मी एक ओळ लिहिली असती तर सगळं थांबलं असतं. मी 'लुटारू'च्या खाली हसणारा इमोजी टाकला. सगळे टाकत होते म्हणून.

मामांनी ग्रुप सोडला.

आज रक्षाविसर्जन झालं. मग त्यांच्या मुलीनं, प्राजक्ताताईनं दुकान उघडलं. टेबलाखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत सहा पाकिटं, वर मार्करनं 'बदली'.

"ही कुणाची ऑर्डर रे?"

मी डबा घ्यायला हात पुढे केला. मग सगळं सांगितलं.

ताईनं झाकण लावलं. "पप्पांना जिथं लुटारू म्हटलंय, तिथं जाऊन हे सांग. तवर डब्याला हात लावू नको."

म्हणून लिहितोय. ग्रुपवरही हेच टाकलंय. मला काय म्हणायचं ते म्हणा, नंबर बदललेला नाही. पण 'देवमाणूस' लिहिणाऱ्यांनो, दिवाळीतले तुमचे मेसेज अजून तिथंच आहेत. ते आधी वाचा.

आणि माझ्याकडून साडेनऊशेला घेतलेल्या विसांपैकी चौदाजणांना मामांनी बदलून दिलेत, सहाजण राहिलेत. दुकानात या. फुलं नकोत, जळका बोर्ड आणा. मामांनी तुमचा करून ठेवलाय. दाण्यासकट.

मामा, सांगितलं. उशीर केला.

साडेतेराशे कमीच होते.

नमस्कार.